राधा यंदा सुटीला येणार नाही

लालबाग,
२१ जून १९५९

तीर्थस्वरूप आईस,

अंबीचा नमस्कार. आम्ही सगळी खुशाल आहोत आणि तुम्हीही तिकडे तशीच असाल, असं पत्राच्या पहिल्या ओळीत लिहायचं हे तूच मला शिकवलंस. म्हणून लिहिलं.

लालबागहून गिरगावला पत्र कसलं टाकते, ट्रामने यायला काय झालं होतं, असं तू रघूला म्हणशील आणि माझा धाकटा भाऊ असून तोही मान डोलावेल. आले असते. पण तुझ्यासमोर बसून काही बोलायला गेलं की तू डोळ्यांना पदर लावतेस आणि मी चहाचे कप विसळायला उठते. आजवर असंच होत आलंय. म्हणून या खेपेला लिहूनच सांगते.

ह्यांना सध्या सकाळची पाळी मिळाली आहे. गिरणीत साच्यावरच्या उभ्या कामाने पाय सुजतात, पण दुपारी घरी असतात हे बरं. तू दिलेले कुळीथ आणि आंब्याचं साठं पोचलं. वहिनीने रघूबरोबर पाठवलेली बरणी रिकामी झाली की पाठवते.

आता राधाचं. महिनाभर तुझ्याकडे राहून आली तेव्हा नवीन परकर-पोलकं घालून किती मिरवत होती. पोलकं जरा अंगाला घट्ट होतं. मी म्हटलं, उसवून देते. तर म्हणाली, "नको, आजीनं मुद्दाम असंच शिवलंय. मला ते बसायला लागलं की मी खरी." मला तेव्हाच काय ते कळायला हवं होतं, पण पोरीचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

तुझ्याकडून आली आणि राधाचे उपास सुरू झाले. आधी सोमवार. मग गुरुवारही. मग एकादशी. ह्यांना कौतुक वाटलं, लेक देवाधर्माची निघाली म्हणून. चाळीतल्या बायकाही म्हणाल्या, बाई, तेराव्या वर्षी एवढी श्रद्धा! उपासाच्या दिवशी ती साबूदाणासुद्धा खात नव्हती. नुसतं लिंबूपाणी. बाकीच्या दिवशी माझ्यासमोर ताट घेऊन बसायची आणि मी चुलीकडे वळले की ताट रिकामं व्हायचं. मला वाटायचं, भूक लागते पोरीला.

गेल्या मंगळवारी शाळेत प्रार्थना चालू असताना ती उभ्याउभ्या खाली कोसळली. बाकाची कड कपाळाला लागली. शाळेचा शिपाई मला बोलवायला आला तेव्हा माझे हात पिठात होते, तसेच घेऊन धावले. तिला घरी आणून निजवण्यासाठी वळकटी सोडली, तर आत कागदात गुंडाळलेले भाकरीचे तुकडे. वाळलेले, मुंग्या लागलेले. एक तळलेला बांगडासुद्धा होता ग आई. माशासाठी जीव टाकणारी पोर ती.

मी मारलं नाही. जवळ घेऊन विचारलं, हे काय? तर म्हणाली, "आजी म्हणाली, आत्ता अंग आवरलं नाहीस तर पुढे कोणी पत्करणार नाही. आजी म्हणाली, भूक लागली की पाणी पी, पोटाला फसवता येतं. आजी म्हणाली, आईला सांगू नको, ती स्वतःच तशी आहे."

मी तशी आहे, हे खरं. त्याचा राग नाही. माझ्या दंडांवरून तू बोलतेस ते मी शाळेत जायची तेव्हापासून ऐकते आहे.

परळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंकडे तिला नेलं. बाई स्वतः चांगल्या भरल्या अंगाच्या आहेत, हे तुला सांगायला हवं, नाहीतर रघूकडून कळल्यावर तू हसशील. त्यांनी राधाच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नखं पाहिली. मग मला म्हणाल्या, "पोरीचं वजन थोडं जास्त होतं, मी नाही म्हणत नाही. ते उतरवता येईल. पण उपाशी ठेवून उतरवलेलं वजन पाहुण्यासारखं असतं, चार दिवस बाहेर गेलं की सामान घेऊन परत येतं. आणि पोरगी मात्र तेवढ्यात पोखरून निघते."

मग काय करायचं, विचारलं. म्हणाल्या, "तिच्या एकटीच्या ताटाला नियम लावू नका. सगळ्या घराला लावा. आणि असे लावा की जे तुम्ही म्हाताऱ्या झाल्यावरही पाळू शकाल."

ते काय, कसं, ते पुढे लिहीन. सध्या पेज, वरणभात, पालेभाजी असं समोर बसून भरवते आहे. पहिल्या घासाला रडते. मग खाते.

तुझ्याशी भांडायचं नाही मला. मला एवढंच कळव की तू तिला आणखी काय काय सांगितलं आहेस. म्हणजे ते एकेक करून तिच्या डोक्यातून काढता येईल.

तुझी,
अंबी

ता. क. – तिच्यापाशी तिच्या कांतामावशीचा विषय काढला होतास का? ती मला काहीबाही विचारते आहे. मी टाळलं.


लालबाग,
२० सप्टेंबर १९५९

ती. आईस,

नमस्कार.

जुलैत आलेल्या तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा उठले. तू लिहिलंस, "मी पोरीला विष नाही दिलं. मुलीच्या जातीला जे सांगायचं ते सांगितलं. कांताला मी बारीक केली म्हणून तिला बँकेतला मुलगा मिळाला. तुला नाही केली, तर तू गिरणीत पडलीस."

ह्यांना ते पत्र मी दाखवलं नाही.

म्हटलं, वाद नको, आपण आपलं घर बघावं. आणि खरंच बघितलं. तुला वाटतं आम्ही राधाला खाऊ घालून घालून फुगवतो आहोत, म्हणून कसं चालतं ते लिहिते. पहाटे उठल्यावर आमच्याकडे चहाबरोबर बटर आणि खारी असायची, सगळ्यांना. ती बंद. त्याऐवजी रात्रीची भाकरी आणि दूध, नाहीतर गरम पेज. ह्यांनी कुरकुर केली. पाळीवरून येताना कोपऱ्यावरच्या गाडीवरची भजी रोज घरी यायची, ती आता फक्त रविवारी. तेव्हा तर दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. चहातली साखर मी हळूहळू कमी केली, कोणाला कळूही दिलं नाही. भात आहे, पण डोंगराएवढा नाही. भाजी मात्र दोन्ही वेळा. मासे तळणीऐवजी कालवणात. सणाला गोड होतं आणि सगळी पोटभर खातात, कोणी मोजत नाही. आणि जेवायला सगळी एकत्र बसतात, मीसुद्धा. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणं मी सोडलं. माझ्या अंगाचं निम्मं कारण ते होतं, असं बाई म्हणाल्या. दिवसभर उपाशी आणि मग एकदम पातेली निपटायची.

संध्याकाळी मी आणि राधा चालायला जातो. चिंचपोकळीच्या पुलापर्यंत आणि परत. पहिल्यांदा मला दम लागायचा. ह्यांनी आधी चेष्टा केली, आता तेही येतात. राधा पुन्हा मैदानात लंगडी खेळते. पाऊस असला की जिन्यात दोरीवरच्या उड्या, खालच्या मजल्यावरचे शिव्या देईपर्यंत.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की काटा घरी आणू नका, आरशासमोर तिला उभी करू नका, आणि बारीक झालीस, जाड झालीस हे दोन्ही शब्द तिच्यासमोर काढू नका. ऑगस्टमध्ये दाखवायला नेलं तर म्हणाल्या, "थोडं उतरलंय, आणि चेहऱ्यावर रंग आलाय. घाई करू नका. वर्ष जाऊ दे, दोन जाऊ दे." राधाला मी फक्त रंगाचं सांगितलं.

एवढं सगळं आम्ही केलं, आई. आणि गणपतीत तू आलीस.

मी बोलावलं होतं तुला. वाटलं, सणाची येईल, नात हसतखेळत बघेल, गप्प बसेल. घर पाहुण्यांनी भरलेलं. बाहेर लालबागची गर्दी, जिन्यापर्यंत लोक. राधा सगळ्यांना उकडीचे मोदक वाढत होती, स्वतःही एक खाऊन झाला होता तिचा आणि दुसरा हातात होता. तू आत आलीस, तिच्या हनुवटीला हात लावलास आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "भरलीस ग परत. मे महिन्यात कशी छान उतरली होतीस!"

तुला वाटलं तू काही विशेष बोलली नाहीस. बायका हसल्यासुद्धा. राधाने हातातला मोदक ताटात परत ठेवला. तुपाची धार तशीच त्याच्यावर. मग ती पाण्याचा तांब्या घेऊन मोरीकडे गेली आणि उभ्याउभ्या तो सगळा प्यायली.

मी बघितलं ते. तूही बघितलंस. तुझ्या तोंडावर समाधान होतं.

तुला बाजूला घेऊन मी म्हटलं, "आई, हे नको बोलूस तिच्यासमोर." तू काय म्हणालीस ते तुला आठवत असेल. "तुझ्या लाडांनी ती बकुळामावशीसारखी घरात राहील, मग मला विचारशील."

बकुळामावशी तुझी थोरली बहीण. तिला बघायला आलेले सगळे तिच्या अंगामुळे परत गेले आणि ती भावांच्या चुलीपाशी भाकऱ्या भाजत म्हातारी झाली, तिथेच मेली. तू लहानपणापासून ते बघितलंस. तिच्यावरून भावजया काय काय बोलायच्या, ते तू आम्हाला सांगायचीस आणि तुझा आवाज कापायचा. तुझी भीती मला कळते, आई. ती कळते म्हणूनच इतकी वर्षं मी कप विसळत राहिले.

पण बकुळामावशी जेवून मेली. म्हातारी होऊन मेली. तिच्या मरणाला भाकरीचा दोष नव्हता.

गणपतीनंतर राधाने पुन्हा जेवण टाकलं. या वेळी मला लवकर कळलं, म्हणून बरं. परत पेजेपासून सुरुवात. तीन महिन्यांत उभं केलेलं तू एका वाक्यात पाडलंस.

आता कांताबद्दल. तिला "बारीक केली" असं तू लिहिलंस, म्हणून मीही लिहिते. मी तेव्हा राधाला घेऊन माहेरी आले होते, डोळ्यांनी बघितलंय. दादरची माणसं मुलगी बघून गेली आणि म्हणाली, चेहरा गोड आहे, पण अंगाने जरा सुटलेली वाटते. दुसऱ्या दिवसापासून तू तिला एकभुक्त केलंस. फडताळाला कुलूप घातलंस. किल्ली कमरेला. कांता हसत होती आधी. म्हणायची, "अंबाताई, लग्नाच्या दिवशी बघ मी किती जिलब्या खाते ते." लग्नात शालू तिच्या अंगावर नीट राहत नव्हता, इतकी उतरली होती. सगळ्यांनी तुझी वाहवा केली.

लग्नानंतर ती खायला लागली. खाणारच. इतके महिने उपाशी ठेवलेलं पोट ते. सहा महिन्यांत होती त्याहून जास्त झाली. सासूने टोमणे मारले, ती तुझ्याकडे रडत आली, तू पुन्हा लिंबूपाणी दिलंस. पुन्हा उतरली. पुन्हा चढली. दर खेपेला तिचा चेहरा आणखी पिवळा. तिला कोणी एकदा तरी सांगायला हवं होतं, रोज नीट जेव, रोज थोडी चाल, आणि अंग जसं राहील तसं राहू दे. कोणी सांगितलं नाही. आपल्या घरात ते कोणाला ठाऊकच नव्हतं.

त्यानंतर तिला दिवस गेले.

पुढचं आज लिहीत नाही. लिहिण्यासारखी माझी स्थिती नाही आणि राधा शेजारी अभ्यासाला बसली आहे.

दिवाळीला आम्ही येणार नाही. तूही येऊ नकोस.

अंबिका


लालबाग,
५ मे १९६०

ती. आईस,

नमस्कार. राज्य झालं. इकडे तीन दिवस दिवे होते, गिरण्यांवरसुद्धा. ह्यांच्या खात्यात पेढे वाटले. सगळं गिरणगाव रस्त्यावर होतं. आमच्या चाळीत मात्र दुसऱ्या मजल्यावर मीराबाई दार लोटून बसली होती. तिचा पोरगा भिवा छपन्नच्या जानेवारीत इथेच, नाक्यावर, गोळी लागून गेला. दूध आणायला उतरला होता. ह्यांनीच त्याला उचलून आणलं होतं. चाळीतली माणसं तिला फेटे बांधून मिरवणुकीला न्यायला आली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुम्ही जा रे. माझा भिवा आला की येते." मी तिच्यापाशी बसून राहिले.

मंगळवारी रघू आला होता. तुझा निरोप घेऊन. सुटी लागली आहे, राधाला महिनाभर पाठव, झालं गेलं विसर, असा.

बोलता बोलता त्याने दुसरंही सांगितलं. मला वाटतं, त्याला सांगायचं नव्हतं. एक तारखेला तुमच्या चाळीच्या चौकात सभा झाली, लढ्यात गेलेल्यांचे फोटो मांडले, हार घातले. त्यांच्यात तू कांताचा फोटो नेऊन ठेवलास. आणि भाषण करणाऱ्या गृहस्थांनी तिचंही नाव घेतलं. गोळीबाराच्या दिवसांत गाडी न मिळाल्याने बाळंतपणात प्राण गमावलेली आमची भगिनी, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू पहिल्या रांगेत बसून रडलीस.

आई, चार वर्षं तू हे सांगत आली आहेस. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना. कर्फ्यू होता, गाडी मिळाली नाही, म्हणून माझी कांता गेली. मी कधी तोंड उघडलं नाही. वाटलं, आई आहे, हिला कशाचा तरी आधार हवा. पण तू तिला भिवाच्या रांगेत नेऊन बसवलंस. ते मला सोसवत नाही. मीराबाईच्या शेजारी राहते मी.

कांता गेली त्या दिवशी तू गिरगावात अडकली होतीस. तिकडे तर रस्त्यावर पाऊल टाकायची सोय नव्हती. तू आली नाहीस याचा दोष कोणीच देणार नाही. पण मी होते तिथे. म्हणून आता ऐक.

गाडी नव्हती, हे खरं. पण कांताच्या पोटात सकाळी दुखायला लागलं, आणि तिच्या घराखालच्या कोळशाच्या वखारवाल्याने त्याची हातगाडी रिकामी करून दिली. वर गाद्या घातल्या. तिचे यजमान आणि दोन शेजारी गाडी ओढत निघाले, पुढे एक जण काठीला पांढरं धोतर बांधून. वाटेत पोलीस होते. त्यांनी अडवलं नाही. एक हवालदार तर स्वतः काही अंतर बरोबर चालला. ती इस्पितळात वेळेवर पोचली, आई. दुपारच्या आत. ह्यांना कोणाकडून तरी कळलं आणि आम्ही दोघं गल्ल्यांतून, रुळांच्या कडेने चालत गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही बहीण का? ही जेवत नव्हती का?" मी म्हटलं, का हो? ते म्हणाले, "आणायला उशीर झालेला नाही. पण हिच्या अंगात बाळंतपण पेलण्याइतकं रक्तच नाही. बाहेरून अंग दिसतं, आत काही नाही." दिवस भरायच्या आधीच मूल जन्मलं आणि रडलं नाही. मुलगा होता. मग रक्त थांबेना. सगळी धावपळ केली त्यांनी. ह्यांनीही हात पुढे केला रक्तासाठी.

ती जेवत नव्हती. पोटुशी असताना. कारण तू तिला सांगितलं होतंस, "या दिवसांत दोन जिवांचं म्हणून खात सुटलीस की कायमची फुगशील, मग नवरा तोंड बघणार नाही." हे तिनेच मला, मी संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तेव्हा सांगितलं होतं, हातातला लाडू परत करताना. मी तिच्याशी भांडले, तुझ्याशीही भांडायला येणार होते. त्याच आठवड्यात शहर पेटलं.

आणखी एक आहे. ते मी कोणालाच सांगितलं नाही, ह्यांनासुद्धा नाही.

संध्याकाळच्या सुमाराला ती थोडी शुद्धीवर आली. मी तिच्या उशाशी होते. तिला मुलाचं सांगितलं नव्हतं. तिने पोटावरून हात फिरवला, तिथे आता काही नव्हतं. माझ्याकडे बघून ती हसली, आपली नेहमीची. आणि म्हणाली, "ताई, आता तरी मी बारीक दिसते का ग?"

मी म्हटलं, हो.

ते तिचं शेवटचं बोलणं. मूल कुठे आहे, असं विचारलं नाही तिने. नवऱ्याचं नाही, तुझं नाही. तिच्या डोक्यात तेवढीच एक गोष्ट शिल्लक राहिली होती, आणि ती तिथे कोणी ठेवली होती हे तुला मी सांगायला नको.

हे वाचून तू रडशील. रड. मी या वेळी समोर नाही.

राधा आतल्या खोलीत होती आणि रघूचं बोलणं तिने ऐकलं. तो गेल्यावर तिने मला सरळ विचारलं, "मावशी कशानं गेली?" आजवर मी टाळत आले होते. पोर आता चौदाव्यात आहे. मी तिला सगळं सांगितलं, शेवटचं ते एक वाक्य सोडून. तिने उठून चुलीवरचं दूध उतरवलं. मग म्हणाली, "आजीनं मुद्दाम केलं?"

मी म्हटलं, "नाही. आजीला वाटत होतं, ती तिचं भलं करतेय."

"मग माझंही भलंच करत होती?"

याचं उत्तर मी तुझ्याकडूनच मागते. तुला सुचलं तर कळव.

तू रघूकडून विचारलंस, ती बारीक झाली का. थोडी झाली. उंचीही वाढली आहे. शाळेच्या खो-खोच्या संघात घेतलं आहे तिला, पळते चांगली. पोटभर जेवते आणि जेवून झाल्यावर ताटाकडे चोरून बघत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता मला दाखवायला आणू नका, चालवलंय तेच चालवा. पण ती एवढ्याशा फरकानेही उतरली नसती, तरी मी हेच पत्र लिहिलं असतं. माझंही अंग तसं पुष्कळ आहे अजून. पुलापर्यंत न दमता जाते, जिना चढून आले की धाप लागत नाही. तेवढं मला पुरतं.

तेव्हा राधा यंदा सुटीला येणार नाही. पुढच्या वर्षीचं तिचं ती ठरवेल. मी तिला जा म्हणणार नाही आणि नको म्हणणार नाही.

तुला यायचं असेल तर ये. पण आमच्याबरोबर पाटावर बसून आमच्यासारखी जेवणार असलीस तरच. मला भूकच नसते, माझं काय, दोन घास पुरे, हे तुझं बोलणं माझ्या मुलीसमोर नको. तूही आयुष्यभर अर्धपोटी राहिलीस, हे मला आता दिसतं. त्याचं वाईट वाटतं. पण त्यासाठी मी दुसरी पोर देणार नाही.

आणि कांताचा फोटो त्या रांगेतून काढून आण. कोणाला काही सांगू नकोस हवं तर, पण काढून आण. तिला गोळी लागली नाही. ज्यांना लागली त्यांच्या आया अजून जिवंत आहेत.

ह्यांचा नमस्कार लिहीत नाही. त्यांना हे पत्र ठाऊक नाही. मी लिहिते आहे एवढं राधाला ठाऊक आहे. तिने काही लिहायचं नाकारलं.

तुझी उरलेली मुलगी,
अंबिका